खुब्याचे सांधारोपण व पायांच्या लांबीतील तफावत

खुब्याचा रोगग्रस्त सांधा काढून त्याच्या जागी धातू, प्लॅस्टिक किंवा मृत्तिका पदार्थ यांचा कृत्रिम सांधा बसविणे, यास खुब्याचे सांधारोपण म्हणतात. या शस्त्रक्रियेनंतर रोपण झालेला पाय दुसऱ्या पायाच्या मानाने लांब वा आखूड होतो, किंवा तसा नसतानाही रुग्णास तसा भासतो. हीच पायांच्या लांबीतील तफावत होय. वेदना पूर्णपणे थांबून आणि सांधा नीट बसूनही काही रुग्ण असमाधानी राहतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. अमेरिकेसारख्या देशांत अस्थिशल्यचिकित्सकांविरुद्ध दाखल होणाऱ्या दाव्यांतही ही तक्रार वारंवार आढळते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम या पाच जिल्ह्यांच्या वऱ्हाडात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील पुष्कळ रुग्णांचा पाय शस्त्रक्रियेपूर्वीच, कित्येकदा बालपणापासून, आखूड झालेला असतो आणि त्यांचे उठणे, बसणे, काम करणे बव्हंशी जमिनीवर चालते. खुब्याच्या शस्त्रक्रियांचा इतिहास पाहता वेदनामुक्ती, हालचाल, स्थैर्य व लांबी या चार गोष्टींपैकी कोणती मिळविण्यासाठी कोणती सोडावयाची, याविषयीचे निर्णय प्रत्येक कालखंडात बदलत गेलेले दिसतात. लांबीचा प्रश्न या इतर तिन्हींपासून वेगळा काढून समजून घेता येत नाही.

रचना व मापन : खुब्याचा सांधा उखळी-मुसळासारखा असतो. कटीच्या हाडातील खोलगट वाटीत मांडीच्या हाडाचे गोल डोके बसते. डोक्याखाली तिरकस मान व मानेच्या बाहेरच्या बाजूस मोठा उंचवटा असतो. या उंचवट्याला जोडलेले कुल्ल्याचे स्नायू एका पायावर उभे राहताना कटी समतोल ठेवतात. डोके झिजले, खचले अथवा वाटीतून वर सरकले, की पाय आखूड होतो आणि स्नायू सैल पडतात. असे स्नायू दुबळे असताना रोगट पायावर भार देताच विरुद्ध बाजूची कटी खाली कलते, हे जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ख (१८४४–१९२४) यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले. लंगडण्याच्या या प्रकारास त्यांचेच नाव मिळाले आहे.

पायाची लांबी दोन प्रकारे सांगितली जाते. कटीच्या हाडाच्या पुढील टोकापासून घोट्याच्या आतील उंचवट्यापर्यंत फितीने घेतलेले माप ही खरी लांबी होय. बेंबीपासून घोट्यापर्यंतच्या मापास भासमान लांबी म्हणतात. खुब्याभोवतीचे स्नायू आखडून कटी एका बाजूस तिरपी झाली असल्यास खरी लांबी सारखी असूनही भासमान लांबीत फरक पडतो. उभ्या स्थितीतील तफावत मोजण्यासाठी आखूड पायाखाली ठराविक जाडीचे लाकडी ठोकळे, कटी समतल होईपर्यंत, एकावर एक ठेवतात. रुग्णाला प्रत्यक्षात काय जाणवते, ते या साध्या पद्धतीने चांगले कळते. क्ष-किरण चित्रावर कटीच्या दोन्ही बाजूंच्या समान खुणा जोडणारी आडवी रेषा काढून तिच्यापासून मांडीच्या हाडावरील लहान उंचवट्याचे अंतर मोजतात. निरोगी माणसांचे पायही बहुधा अगदी समान नसतात. त्यांत सरासरीने सुमारे ५ मिमी. फरक आढळतो व त्याची जाणीवही नसते. सांधारोपणानंतर १० मिमी. पर्यंतची तफावत सामान्यतः स्वीकारार्ह मानतात. तथापि हा आकडा शल्यचिकित्सकाच्या सोयीचा आहे. काही रुग्णांना ६–७ मिमी. वाढही खुपते, तर काहींना २० मिमी. आखूड पायाचेही काही वाटत नाही.

सांधारोपणापूर्वीचा काळ : खुब्याच्या विकाराने येणारे लंगडेपण फार पूर्वीपासून परिचित आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींचे वर्णन करताना एक पाय निकामी झालेल्यास खंज व दोन्ही पाय निकामी झालेल्यास पंगू म्हटले आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला व १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. या काळात जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालये व तालुक्याच्या गावी दवाखाने निघाले. अमरावतीचे जिल्हा रुग्णालय व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या नावावरून लोकांत अद्यापि ‘इर्विन’ याच नावाने ओळखले जाते. प्रांतातील वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात नागपूरला १९१४ मध्ये स्थापन झालेल्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलने केली आणि पदवी देणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे १९४७ मध्ये सुरू झाले. खेड्यांत मात्र मोडलेले हाड बसविण्याचे काम हाडवैद्याकडे होते. बांबूच्या कामट्या व लेप यांनी हातापायाची साधी मोड पुष्कळदा सांधली जाई. म्हाताऱ्या माणसाच्या मांडीच्या हाडाची मान मोडली असता मात्र कामट्यांचा उपयोग होत नसे, कारण मोडलेल्या मानेला रक्तपुरवठाच अपुरा पडतो. असा पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूस वळे व रुग्ण अंथरुणाला खिळे किंवा काठीच्या आधाराने लंगडत उरलेले आयुष्य काढी.

मुलांत व तरुणांत पाय आखूड होण्याचे मोठे कारण क्षयरोग हे होते. क्षयाने खुब्याचे डोके व वाटी दोन्ही खाल्ली जात आणि मांडी पोटाकडे व आतील बाजूस वळून आखडे. अशा आखडलेल्या सांध्यात मांडी पोटाकडे किती वाकून आखडली आहे, हे शोधून काढण्यासाठी वेल्श शल्यचिकित्सक ह्यू ओवेन टॉमस (१८३४–९१) यांनी सांगितलेली तपासणी आजही शिकविली जाते. दीर्घकाळ विश्रांती, वजने लावून पाय ताणून ठेवणे व प्लॅस्टरमध्ये सांधा कायमचा घट्ट करणे, एवढेच उपचार त्या वेळी उपलब्ध होते. घट्ट झालेला सांधा दुखत नसे व भार पेलत असे. परंतु त्याला वाकता येत नसे. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, उकिडवे बसून निंदण करणाऱ्या व शौचाला बसणाऱ्या माणसाला असा ताठ पाय मोठाच अडथळा होता.

या अडचणीतून एक वेगळी वाट निघाली. ऑक्सफर्ड येथील जी. आर. गर्डलस्टोन (१८८१–१९५०) यांनी १९२८ मध्ये क्षयग्रस्त व पुढे पूमय खुब्यासाठी डोके व मान पूर्णपणे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली. हाडांच्या दोन टोकांमध्ये तंतुमय ऊतकांची गादी तयार होते, वेदना थांबते आणि सांधा पुन्हा वाकू लागतो. मात्र आधार नष्ट झाल्याने पाय साधारणपणे ३ ते ५ सेंमी. आखूड होतो. युरोपात ही शस्त्रक्रिया नाइलाजाची मानली गेली; भारतात तिला निराळे महत्त्व आले. वाराणसीचे एस. एम. तुली व त्यांचे सहकारी यांनी क्षय व पूमय विकारांतील या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. उकिडवे व मांडी घालून बसता येणे हे येथील रुग्णास पाय समान असण्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते, ही गोष्ट भारतीय अनुभवातून पुढे आली. लांबी सोडून हालचाल मिळविण्याचा हा सौदा रुग्णाने समजून केलेला असे. म्हणून आखूड पायाविषयी त्याची तक्रार क्वचितच असे.

कृत्रिम सांध्याचा उदय : क्षयाने नष्ट झालेल्या सांध्यांच्या जागी हस्तिदंती सांधे बसविण्याचा प्रयत्न जर्मनीत टेमिस्टोक्लेस ग्लुक (१८५३–१९४२) यांनी १८९०–९१ मध्ये केला, तो जंतुसंसर्गामुळे फसला. अमेरिकेतील मारियुस स्मिथ-पीटरसन (१८८६–१९५३) यांनी १९२३ मध्ये डोक्यावर काचेची टोपी बसविली व १९३८ मध्ये त्यासाठी व्हायटॅलियम ही मिश्रधातू वापरली. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी वाटी व डोके हे दोन्ही भाग पोलादाचे बसवून पाहिले. १९५० नंतर ऑस्टिन मूर (१८९९–१९६३) व फ्रेडरिक टॉमसन यांची, दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून बसविण्याची धातूची डोकी प्रचारात आली. वृद्धांच्या मोडलेल्या मानेसाठी मूर यांचे डोके भारतात सर्वत्र वापरले गेले. जिल्ह्याच्या गावी करता येण्याजोगी, तुलनेने स्वस्त व रुग्णाला काही दिवसांत उभी करणारी शस्त्रक्रिया म्हणून तिचे स्थान मोठे आहे.

संपूर्ण सांधारोपणाला आजचे रूप इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयातील जॉन चार्न्ली (१९११–८२) यांनी दिले. १९५८ पासून त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती दोनतीन वर्षांतच झिजू लागली. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनची वाटी बसविली आणि ती टिकली. सुमारे २२ मिमी. व्यासाचे लहान पोलादी डोके, पॉलिएथिलिनची वाटी व दोन्ही भाग हाडात पक्के करणारे ॲक्रिलिक सिमेंट, ही त्यांच्या पद्धतीची तीन अंगे होत. भारतात या शस्त्रक्रियेचा प्रसार प्रथम मोठ्या शहरांतून झाला. महाराष्ट्रात मुंबईचे के. टी. ढोलकिया यांचे नाव तिच्या प्रवर्तकांत अग्रभागी घेतले जाते.

लांबीचा प्रश्न : चार्न्ली यांच्या प्रारंभीच्या रुग्णांना असह्य वेदना होत असत. वेदना थांबणे हेच त्यांच्या दृष्टीने फार मोठे होते व पायाची लांबी ही दुय्यम बाब होती. शस्त्रक्रियेची पद्धतही लांबीला अनुकूल होती. चार्न्ली मांडीच्या हाडाचा मोठा उंचवटा स्नायूंसह कापून वेगळा करीत व शेवटी तो तारांनी पुन्हा जोडीत. स्नायू सैल वाटल्यास उंचवटा थोडा खाली व बाहेर बसवून त्यांना ताण देता येई. त्यासाठी पाय लांब करण्याचे कारण नसे. पुढे वेळ, रक्तस्राव व न सांधणाऱ्या उंचवट्याचा त्रास टाळण्यासाठी शल्यचिकित्सकांनी ही पायरी वगळली आणि खुब्याच्या मागून वा बाजूने स्नायूंमधून वाट काढण्याच्या पद्धती रूढ झाल्या. आता स्नायूंना ताण देण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे लांब मानेचे डोके निवडणे हा राहिला. दांड्यावर निरनिराळ्या लांबीची डोकी बसविण्याची सोय झाल्यावर तर तो अधिकच सुलभ झाला. डोके वाटीतून निखळू नये म्हणून स्नायू ताणलेले ठेवावयाचे आणि त्यासाठी पाय काही मिमी. लांब होऊ द्यावयाचा, हा व्यवहार अशा रीतीने रुळला.

लांबी बदलण्याची इतर कारणेही आहेत. मांडीच्या हाडाची मान अपेक्षेपेक्षा वर कापली गेल्यास किंवा दांडा पूर्ण खोलीपर्यंत न गेल्यास पाय लांब होतो. मान फार खाली कापली गेल्यास अथवा वाटी वरच्या बाजूस बसल्यास तो आखूड होतो. डोक्याचे मध्यरेषेपासूनचे आडवे अंतर कमी झाल्यास स्नायू सैल पडतात व ती उणीव भरून काढण्यासाठी उभी लांबी वाढविली जाते. म्हणजे आडव्या अंतराचा हिशेब चुकला की त्याचा भार लांबीवर पडतो. वाटीचा कल व तिचे पुढे वळणे किती असावे, याच्या सुरक्षित मर्यादा १९७८ मध्ये अमेरिकेतील लेविनेक व त्यांचे सहकारी यांनी सुचविल्या. वाटी योग्य कोनात बसली असता केवळ ताणाच्या जोरावर सांधा जागी ठेवण्याची गरज कमी होते.

सांधारोपणाची शस्त्रक्रिया जसजशी यशस्वी होत गेली, तसतशी ती कमी वयाच्या व कमी त्रास असलेल्या रुग्णांवर होऊ लागली. वेदनामुक्ती गृहीत धरली जाऊ लागली आणि पूर्वी जे गौण होते ते ठळक झाले. लांबीच्या तफावतीविषयीच्या तक्रारी वाढण्यास शस्त्रक्रियेतील उणिवांइतकेच तिचे यशही कारणीभूत आहे.

वऱ्हाडातील रुग्ण : पाश्चात्त्य देशांत सांधारोपण करून घेणारा रुग्ण बहुधा वृद्ध असतो व वयोमानाने झालेली संधिझीज हे त्याचे कारण असते. वऱ्हाडात, किंबहुना भारतात सर्वत्र, तरुण व मध्यमवयीन रुग्णांचे प्रमाण लक्षणीय आहे. डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते मृत होणे व खचणे, हे त्यामागील एक मुख्य कारण होय. मद्यपान व स्टेरॉइड औषधांचे सेवन यांनी हा विकार जडतो. विदर्भात त्यात सिकलसेल या नावाने परिचित असलेल्या दात्रकोशिका रोगाची भर पडते. भारतात हा आनुवंशिक रोग १९५२ मध्ये निलगिरी भागात प्रथम आढळला व विदर्भातील त्याचे अस्तित्व १९५८ मध्ये नागपूर येथील संशोधनाने नोंदले गेले. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, म्हणजे धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू वस्तीतही तो आढळतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्याने ऐन विशीत वा तिशीतही खुब्याचे डोके मृत होऊ शकते. अशा रुग्णांचे हाड जागोजागी कठीण होते व त्यातील पोकळी अरुंद बनते. त्यामुळे दांडा हव्या त्या खोलीपर्यंत नेणे कठीण जाते आणि लांबीचा अंदाज चुकण्याचा संभव वाढतो.

बालपणीचा क्षय वा पूमय विकार, जन्मजात निखळलेला व न ओळखलेला खुबा, पोलिओ आणि न जुळलेली जुनी मोड ही आखूड पायाची इतर कारणे होत. भारत पोलिओमुक्त झाल्याचे २०१४ मध्ये प्रमाणित झाले असले, तरी पूर्वी पोलिओ झालेली पिढी हयात आहे. वीस-तीस वर्षे ३ ते ५ सेंमी. आखूड असलेल्या पायाभोवतीचे स्नायू, रक्तवाहिन्या व तंत्रिका त्या लांबीला सरावलेल्या असतात. कण्यालाही त्यानुसार वाक आलेला असतो. अशा वेळी पाय एकदम मूळ लांबीवर आणणे धोक्याचे असते. सुमारे ४ सेंमी.हून अधिक ताण पडल्यास मांडीच्या मागील मोठ्या तंत्रिकेस इजा होऊन पाऊल लुळे पडण्याचा धोका विशेष वाढतो. म्हणून वाटीत फार वर गेलेला सांधा खाली आणताना मांडीच्या हाडाचा एक तुकडा कापून काढावा लागतो, किंवा थोडा आखूडपणा जाणूनबुजून राहू द्यावा लागतो. येथे तफावत राहणे हा दोष नसून पाऊल वाचविण्याची किंमत असते.

उपचारांच्या सोयी : अस्थिशल्यचिकित्सेच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी वऱ्हाडातील रुग्णांना दीर्घकाळ बाहेरगावी जावे लागे. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किमी. आहे, अकोल्याहून मुंबई लोहमार्गाने ५८० किमी.च्या आसपास पडते. १९६९ पासून सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचाही आधार मिळाला. मुंबईत उपचारांसाठी राहण्याची पंचाईत होत असे. मूळचे अमरावती जिल्ह्यातील संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांच्या प्रेरणेने तेथे उभ्या राहिलेल्या धर्मशाळांनी गोरगरीब रुग्णांची व नातेवाइकांची ती अडचण पुष्कळ अंशी दूर केली. अंतराचा परिणाम लांबीच्या प्रश्नावरही होतो. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे, तीन महिने व एक वर्ष या टप्प्यांवर पुनर्तपासणी न झाल्यास तात्पुरती तफावत व कायमची तफावत यांतील भेद रुग्णास कोणी समजावून सांगत नाही आणि चालण्याचे व्यायामही अपुरे राहतात.

अमरावतीस १९८४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, यवतमाळला १९८९ मध्ये व अकोल्यास २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा व वाशिम येथे नवीन शासकीय महाविद्यालयांना मान्यता मिळाली. खर्चाच्या बाबतीत राज्य शासनाच्या आरोग्य योजनेने मोठा फरक पडला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होते. अकोल्यासह उर्वरित जिल्ह्यांना ती नोव्हेंबर २०१३ मध्ये लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. योजनेतील उपचारांची यादी पुढे वाढत गेली व तिच्यात खुब्याच्या रोपणाचाही अंतर्भाव झाला. शेतमजुरांच्या घरांतही आता सांधारोपण झालेली माणसे दिसू लागली आहेत.

परिणाम व उपाय : रोपण झालेला पाय लांब वाटणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांची तक्रार पहिल्या तीन ते सहा महिन्यांत कमी होते. दीर्घकाळ आखडलेले स्नायू सैल होण्यास व तिरपी कटी समतल होण्यास तेवढा अवधी लागतो. या काळात स्नायू ताणण्याचे व कुल्ल्याचे बळ वाढविण्याचे व्यायाम हाच मुख्य उपाय होय. घाईने जोड्याला उंची दिल्यास कटीचा तिरपेपणा कायम राहण्याचा संभव असतो. कण्याचा खालचा भाग ताठ झालेल्या व्यक्तीत मात्र कटी सहज समतल होत नाही. खरी तफावत मोठी असल्यास लंगडणे, कंबरदुखी, लांब पायाचा गुडघा वाकवून चालण्याची सवय व लवकर थकवा येणे हे त्रास उद्भवतात. पाय आखूड राहिला असता कुल्ल्याचे स्नायू दुबळे राहतात व डोके निखळण्याची भीती अधिक असते.

कायमच्या तफावतीवर आखूड पायाच्या जोड्याला उंची देणे हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय आहे. सुमारे १ सेंमी. पर्यंतची उंची जोड्याच्या आत टाचेखाली देता येते; त्याहून अधिक असल्यास ती तळव्याला बाहेरून जोडावी लागते. संपूर्ण फरक न भरता त्याचा काही भाग, बहुधा निम्मा, भरून काढतात. मुंबईत १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेसारख्या केंद्रांत अशी पादत्राणे तयार होतात. पण हा उपाय जोडे घालून दिवस काढणाऱ्या समाजात जन्मला आहे. वऱ्हाडातील घरात वहाणा उंबऱ्याबाहेर राहतात; देवळात, स्वयंपाकघरात व अंगणात माणूस अनवाणीच वावरतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तळव्याला थापला जातो, तेव्हा शेतातही वहाण काढून हाती घ्यावी लागते. कापूस वेचताना किंवा निंदताना दिवसभर जोडा पायात ठेवणे बहुतेकांना शक्य नसते. परिणामी, चिकित्सालयात दूर झालेली तफावत घरी जाताच पुन्हा उभी राहते. येथील रुग्णाच्या बाबतीत ती शस्त्रक्रियेच्या वेळीच टाळणे अधिक अगत्याचे ठरते, कारण नंतरची दुरुस्ती दिवसाच्या थोड्याच तासांपुरती उपयोगी पडते.

स्थैर्य व लांबी यांतील ओढाताणही येथे अधिक तीव्र आहे. सांधारोपण झालेल्या रुग्णास उकिडवे बसू नये, मांडी घालू नये व खुर्चीचा संडास वापरावा, असे सांगितले जाते. २०१४ नंतर स्वच्छ भारत मोहिमेत खेडोपाडी संडास बांधले गेले, परंतु ते बहुधा उकिडवे बसण्याचेच आहेत. रुग्ण कधी ना कधी जमिनीवर बसणार हे गृहीत धरून सांधा निखळू नये म्हणून स्नायू अधिक ताणून ठेवण्याकडे शल्यचिकित्सकाचा कल होतो आणि पाय लांब होण्याचा संभव वाढतो. या पेचातून सुटण्याची काही साधने अलीकडे उपलब्ध झाली आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रचारात आलेल्या, कमी झिजणाऱ्या पॉलिएथिलिनमुळे ३२ व ३६ मिमी. व्यासाची मोठी डोकी वापरता येतात. मोठे डोके वाटीच्या कडेवरून सहजासहजी निसटत नाही. फ्रान्समधील झील बूस्के यांनी १९७० च्या दशकात कल्पिलेला, वाटीत वाटी फिरणारा दुहेरी चलनाचा सांधाही निखळण्याचा धोका कमी करतो. स्थैर्य डोक्याच्या आकारातून व वाटीच्या रचनेतून मिळाले, की त्यासाठी लांबी खर्च करावी लागत नाही.

पूर्वनियोजन : क्ष-किरण चित्रावर कृत्रिम सांध्याचे पारदर्शक नमुने ठेवून मान कोठे कापावयाची व कोणत्या मापाचा सांधा बसवावयाचा, हे आधी ठरविण्याची पद्धत १९८० च्या दशकात दृढ झाली. आता हे काम संगणकावर होते. शस्त्रक्रियेच्या वेळी कटीत रोवलेल्या खिळ्यापासून मांडीच्या हाडावरील खुणेचे अंतर रोपणापूर्वी व नंतर मोजतात, तसेच दोन्ही गुडघे व टाचा जुळवून पाहतात. १९९२ पासून यंत्रमानवाचे व पुढे संगणकीय मार्गदर्शनाचे साहाय्यही मिळू लागले. त्यांनी मोजमाप अधिक अचूक होते. तथापि किती लांबी राखावयाची हा निर्णय यंत्र देत नाही. जिल्हा पातळीवरील रुग्णालयात फीत, ठोकळे, योग्य स्थितीत घेतलेले क्ष-किरण चित्र व पारदर्शक नमुना एवढ्या साधनांनीही मोठ्या चुका टाळता येतात.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या तफावतीची नोंद करून ती त्याला व त्याच्या घरच्यांना सांगणे, हा नियोजनाचाच भाग होय. रोगाने २ सेंमी. आखूड झालेला पाय मूळ लांबीवर आला, तरी रुग्णाला तो ‘वाढला’ असे वाटते. आधी मोजलेले नसल्यास त्याचे समाधान करण्यास शल्यचिकित्सकापाशी आधार उरत नाही. खुब्याचे डोके काढण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेत ३ ते ५ सेंमी. आखूड पाय मुकाट्याने स्वीकारला जाई आणि आजच्या रोपणात १ सेंमी.ची वाढ खटकते, याचे कारण केवळ अपेक्षा वाढल्या हे नाही. पहिल्या प्रसंगी काय मिळणार व काय जाणार हे रुग्णास आधी माहीत होते. जमिनीवर बसावयाचे की पाय समान हवेत, निखळण्याचा धोका कितपत पत्करावयाचा, अनवाणी किती चालावे लागते, या गोष्टी विचारल्याखेरीज योग्य लांबी ठरत नाही. पाय किती लांब असावा, याचे उत्तर क्ष-किरण चित्राइतकेच त्या पायावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दिनक्रमात शोधावे लागते.